विश्लेषण : ‘रिमास्टर’ झाला, तरी बास गिटार गायबच! मेटॅलिकाच्या गाजलेल्या अल्बमचे नेमके काय चुकले?

जुना अल्बम नव्या वेष्टनात, नव्या किमतीत आणि ‘रिमास्टर्ड’ असा शिक्का मारून बाजारात येतो, तेव्हा श्रोत्याला वाटते की आता सगळे दोष दूर झाले असतील. मेटॅलिका या अमेरिकी बँडच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ या १९८८ च्या अल्बमबाबत तसे झाले नाही. हा अल्बम ३० वर्षांनी, २ नोव्हेंबर २०१८ रोजी रिमास्टर होऊन पुन्हा प्रसिद्ध झाला. ज्या एका तक्रारीसाठी तो तीन दशके ओळखला जात होता, ती मात्र जागच्या जागी राहिली. अल्बममध्ये बास गिटार जवळपास ऐकूच येत नाही. असे का झाले? ते दुरुस्त करता आले असते का? आणि करायला हवे होते का?

हा अल्बम एवढा महत्त्वाचा का?

ऐंशीच्या दशकातील थ्रॅश मेटल या वेगवान, आक्रमक रॉक प्रकाराला मुख्य प्रवाहात आणणाऱ्या मोजक्या अल्बमांमध्ये ‘जस्टिस’चे नाव घेतले जाते. नऊ गाणी, सुमारे ६५ मिनिटांची लांबी, एकाच गाण्यात अनेकदा बदलणारा ताल आणि न्यायव्यवस्था, युद्ध, सेन्सॉरशिप असे विषय. रेडिओवर वाजण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते. तरीही एकट्या अमेरिकेत त्याला ८० लाख प्रतींच्या विक्रीचे प्रमाणपत्र मिळाले.

युद्धात हातपाय, दृष्टी, वाचा आणि श्रवणशक्ती गमावलेल्या सैनिकावरचे ‘वन’ हे गाणे याच अल्बममधले. त्यासाठी बँडने पहिल्यांदा म्युझिक व्हिडीओ केला आणि १९९० मध्ये या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मेटॅलिका ऑक्टोबर २०११ मध्ये बेंगळूरुला आली होती, तेव्हा पुण्या-मुंबईहून गेलेल्या चाहत्यांपैकी अनेकांची या बँडशी पहिली ओळख ‘वन’नेच करून दिली होती.

थोडक्यात, हा पडलेला किंवा विसरलेला अल्बम नाही. म्हणूनच त्यातला दोष अधिक खुपतो.

बास गिटार वाजवणारा कोण होता?

इथे थोडे मागे जावे लागते. मेटॅलिकाचा बासवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बँडची बस उलटून मरण पावला. तो २४ वर्षांचा होता. बँडच्या संगीताची जाण आणि दिशा यात त्याचा वाटा मोठा होता. महिनाभरातच जेसन न्यूस्टेड या तरुण वादकाला त्याच्या जागी घेण्यात आले.

दुःख पचवायला बँडला वेळ मिळालाच नाही. दौरे सुरू राहिले आणि त्या दुःखाचा राग नव्या माणसावर निघाला. न्यूस्टेडची सतत थट्टा झाली, त्याला त्रास दिला गेला, हे बँडच्या सदस्यांनीच पुढे मान्य केले आहे. त्याच्या सहभागाचा पहिला पूर्ण अल्बम म्हणजे ‘जस्टिस’. त्यातल्या ‘ब्लॅकन्ड’ या पहिल्याच गाण्याच्या श्रेयनामावलीत जेम्स हेटफिल्ड आणि लार्स उलरिक यांच्यासोबत त्याचे नाव आहे. पण गाणे लावले तर त्याचे वादन ऐकू येत नाही. अंतिम मिक्स ऐकून आपण खचून गेलो होतो, असे न्यूस्टेडने नंतर मुलाखतींमध्ये सांगितले.

त्यामुळे हा वाद केवळ ‘साउंड क्वालिटी’चा राहत नाही. एखाद्याने काम केले, त्याचे नावही छापले, पण त्याचे काम लोकांपर्यंत पोहोचलेच नाही, असा हा प्रकार आहे.

बास नेमका गेला कुठे?

यामागे तांत्रिक आणि मानवी अशी दोन्ही कारणे आहेत.

आधी तांत्रिक. चार तारांच्या बास गिटारचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, साध्या गिटारचा सुमारे ८२ हर्ट्झचा. म्हणजे दोन्ही वाद्ये शेजारी-शेजारी राहतात आणि त्यांची हद्द एकमेकांत घुसते. हेटफिल्ड यांनी या अल्बमसाठी गिटारचा जो आवाज निवडला, त्यात मधल्या पट्टीचा भाग जवळपास काढून टाकला होता. उरला तो खालचा जाड ‘धप्प’ आणि वरचा धारदार खरखराट. त्या जाड भागाने बासची जागा व्यापली.

दुसरे असे की, न्यूस्टेड अनेक ठिकाणी गिटारच्या सुरावटीला चिकटून तेच स्वर वाजवत होता. एकाच पट्टीत, एकाच वेळी, सारखेच स्वर वाजले की मोठा आवाज लहान आवाजाला गिळतो. ध्वनिशास्त्रात याला मास्किंग म्हणतात. रेल्वे फलाटावर लोकल धडधडत आली की शेजारचा माणूस बोलतच असतो, पण शब्द कळत नाहीत, तसेच. बास दिसेनासा होण्याची हीच दोन कारणे हेटफिल्ड यांनीही एका मुलाखतीत दिली आहेत.

आता मानवी कारण. अल्बमचे ध्वनिमुद्रण १९८८ च्या पूर्वार्धात लॉस एंजेलिसमध्ये झाले. निर्माता होता डेन्मार्कचा फ्लेमिंग रासमुसेन. मिक्सिंग मात्र न्यूयॉर्क राज्यातील बेअर्सव्हिल स्टुडिओत स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांनी केले. त्या वेळी बँड अमेरिकेत ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ दौऱ्यावर होता. हेटफिल्ड आणि उलरिक कार्यक्रमांच्या मधल्या वेळात स्टुडिओत येऊन सूचना देत. मोठमोठ्या मैदानांवर तासन्‌तास प्रचंड आवाजात वाजवून थकलेल्या कानांनी ते मिक्स तपासत होते. बासचा आवाज कमी करण्याची सूचना उलरिक यांच्याकडून आली, असे थॉम्पसन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. मिक्सिंगच्या वेळी रासमुसेन तिथे नव्हता. न्यूस्टेडने वाजवलेले बासचे ट्रॅक उत्तम होते, असे मूळ टेप ऐकलेला हा निर्माता आजही सांगतो.

मग रिमास्टरिंगमध्ये तो परत का आणला नाही?

कारण ते रिमास्टरिंगचे कामच नाही. इथेच बहुतेक श्रोत्यांची गल्लत होते. गाणे तयार होण्याचे तीन टप्पे असतात.

• रेकॉर्डिंग : प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतला जातो. ड्रम वेगळे, बास वेगळा, गिटार वेगळी.

• मिक्सिंग : हे सगळे ट्रॅक एकत्र करून कोणाचा आवाज किती, कोण डावीकडे, कोण उजवीकडे हे ठरते. शेवटी डावा आणि उजवा असे दोनच ट्रॅक उरतात.

• मास्टरिंग : या तयार दोन ट्रॅकवर शेवटचा हात फिरवला जातो. एकूण आवाजाची पातळी, जाड-बारीक पट्ट्यांचा समतोल, गाण्यांमधले अंतर आणि एलपी, सीडी किंवा स्ट्रीमिंगसाठी योग्य प्रत तयार करणे.

रिमास्टर म्हणजे फक्त तिसरा टप्पा पुन्हा करणे. आमटी शिजून ताटात आल्यावर वरून लिंबू पिळता येते, तूप सोडता येते. पण शिजवताना डाळच कमी घातली असेल तर ती वरून भरून काढता येत नाही. मास्टरिंग करणाऱ्याने खालची पट्टी उचलली, तर बाससोबत गिटारचा ‘धप्प’ आणि पायाने वाजणारा ड्रमही उचलला जातो. तिघांचे आपसातले नाते तेच राहते. बास वर आणायचा असेल, तर मूळ मल्टिट्रॅक टेपपर्यंत मागे जाऊन दुसरा टप्पा पुन्हा करावा लागतो. त्याला रिमिक्स म्हणतात.

२०१८ च्या आवृत्तीत आवाज अधिक भरीव झाला आहे, मूळ सीडीचा कोरडेपणा थोडा कमी वाटतो. पण बास तिथेच आहे, म्हणजे नाहीच.

रिमिक्स करणे शक्य नव्हते का?

शक्य होते. या बाबतीत अडचण ना तंत्राची होती, ना हक्कांची. मेटॅलिकाने २०१२ मध्ये ‘ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्ज’ ही स्वतःची कंपनी काढली आणि आपल्या जुन्या अल्बमांच्या मास्टर टेपची मालकी मिळवली. ज्या गाण्यात न्यूस्टेडचे श्रेय आहे आणि वादन हरवले आहे, त्याच गाण्याचे नाव या कंपनीला आहे.

चाहत्यांनी तर हे केव्हाच करून दाखवले. २००९ मध्ये ‘गिटार हीरो : मेटॅलिका’ हा व्हिडीओ गेम आला. त्यात काही गाण्यांचे वाद्यनिहाय ट्रॅक होते. ते वेगळे काढून उत्साही मंडळींनी बास वाढवलेल्या आवृत्त्या बनवल्या. संपूर्ण अल्बमवर नव्याने बास वाजवून ‘...अँड जस्टिस फॉर जेसन’ अशा नावानेही आवृत्त्या इंटरनेटवर फिरल्या.

बँडने मात्र ठाम नकार दिला. हे अल्बम त्या त्या काळाची छायाचित्रे आहेत, त्यात आज बदल करणे म्हणजे इतिहास बदलणे, असा हेटफिल्ड यांच्या म्हणण्याचा आशय होता. २०१८ च्या मोठ्या संचात डेमो, कच्चे मिक्स, मैफिलींची ध्वनिमुद्रणे असे भरपूर साहित्य देण्यात आले. पूर्ण नवा मिक्स तेवढा दिला नाही.

बँडचा युक्तिवाद चुकीचा आहे का?

अर्धा बरोबर आहे, आणि ते अर्धे महत्त्वाचे आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणांना हात लावल्यावर काय होते, याची उदाहरणे रॉकच्या इतिहासात आहेत. ऑझी ऑस्बॉर्न यांचे ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’ हे अल्बम २००२ मध्ये पुन्हा आले, तेव्हा मूळ बासवादक बॉब डेझली आणि ड्रमवादक ली केर्सलेक यांचे वादन पुसून त्या जागी इतरांकडून नव्याने वाजवून घेतलेले ट्रॅक लावले होते. मूळ वादकांशी रॉयल्टीवरून वाद सुरू होता. चाहते संतापले आणि २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आणावे लागले. २००२ मध्ये बासवर बसवलेला नवा वादक होता रॉबर्ट ट्रुहियो. तो २००३ मध्ये मेटॅलिकात दाखल झाला. २००१ मध्ये मेटॅलिका सोडलेला न्यूस्टेड त्याच सुमारास ऑझींच्या बँडमध्ये गेला.

मेगाडेथचे डेव्ह मस्टेन यांनीही २००४ मध्ये आपले जुने अल्बम रिमिक्स केले आणि ‘रस्ट इन पीस’मधल्या काही ठिकाणचे गायन नव्याने मुद्रित केले. ज्यांनी कॅसेट झिजेपर्यंत मूळ गाणी ऐकली होती, त्यांना ती ओळखीची वाटेनात.

आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जुन्या हिंदी गाण्यांवर ‘झंकार बीट्स’ चढवलेल्या कॅसेट घरोघरी होत्या. आजही यूट्यूबवर एखादे जुने गाणे शोधावे, तर मूळ गाण्याऐवजी ढणढणत्या तालाची आवृत्ती आधी कानावर पडते. मूळ संगीतकाराने जिथे शांतता ठेवली होती, तिथे कोणीतरी नंतर ताल भरला. त्यामुळे ‘मूळ जसे आहे तसे राहू द्या’ या भूमिकेचे मोल मोठे आहे.

शिवाय ‘जस्टिस’चा तो कोरडा, हाडे मोजता येतील असा आवाज आता एका पिढीच्या कानात बसला आहे. पुढच्या अनेक मेटल बँडनी त्याचे अनुकरण केले. तो दोष असला, तरी आता इतिहासाचाही भाग आहे.

मग चुकते कुठे?

‘बदलू नका’ आणि ‘दुसरी आवृत्ती देऊच नका’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँड दोन्ही एकच समजतो, तिथे त्याचा युक्तिवाद लंगडा पडतो.

मूळ कायम ठेवून शेजारी नवा मिक्स देण्याची पद्धत आता रुळली आहे. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चा जाइल्स मार्टिन यांनी केलेला नवा स्टीरिओ मिक्स २०१७ मध्ये आला, म्हणून १९६७ चा मिक्स नाहीसा झाला नाही. रश या कॅनडाच्या बँडचा ‘व्हेपर ट्रेल्स’ २००२ मध्ये कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात आला होता. बँडलाच तो खटकत होता. २०१३ मध्ये त्यांनी ‘व्हेपर ट्रेल्स रिमिक्स्ड’ असे स्पष्ट नाव देऊन तो पुन्हा काढला. रिप्लेसमेंट्स या बँडच्या १९८५ च्या ‘टिम’ अल्बमचा एड स्टेसियम यांनी केलेला नवा मिक्स २०२३ मध्ये आला, त्याच संचात जुन्या मिक्सची रिमास्टर प्रतही होती. ज्याला जे हवे ते त्याने ऐकावे.

‘इतिहास बदलायचा नाही’ असे म्हणताना कोणाचा इतिहास, हाही प्रश्न विचारायला हवा. १९८८ च्या सुरुवातीला न्यूस्टेडने बास वाजवला, हीसुद्धा घडलेलीच गोष्ट आहे. ती टेपवर आहे. अंतिम मिक्स हा दोन थकलेल्या सदस्यांनी, दुःखाच्या आणि रागाच्या काळात घेतलेला निर्णय आहे. छायाचित्राचीच उपमा द्यायची तर, चौघांच्या फोटोतला एक जण चौकटीबाहेर ठेवून फोटो छापला गेला. मूळ निगेटिव्ह कपाटात सुरक्षित आहे. छापलेला फोटो फाडा असे कोणी म्हणत नाही, निगेटिव्हवरून एक पूर्ण प्रत काढा, एवढीच मागणी आहे.

हे काम अधिकृतपणे होण्याला आणखी एक कारण आहे. चाहत्यांच्या आवृत्त्यांपैकी अनेकांत न्यूस्टेडचे वादन नाहीच, दुसऱ्या कोणीतरी वाजवलेला बास आहे. म्हणजे त्याची बाजू घेण्याच्या नादात तो पुन्हा एकदा बाहेरच राहतो. त्याचे स्वतःचे वादन नीट ऐकवणे फक्त बँडच्याच हातात आहे.

श्रोत्याने काय पाहावे?

स्ट्रीमिंगच्या काळात हा प्रश्न एका बँडपुरता उरलेला नाही. सीडी किंवा कॅसेट घरात असली की ती कोणी बदलू शकत नाही. अ‍ॅपवर मात्र अनेक जुन्या अल्बमांची रिमास्टर आवृत्तीच पुढे येते आणि मूळ शोधावी लागते. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

• शिक्का वाचा. ‘रिमास्टर’ म्हणजे तयार मिक्सवरची डागडुजी, ‘रिमिक्स’ म्हणजे वाद्यांचे नाते नव्याने मांडणे, ‘री-रेकॉर्डेड’ म्हणजे पुन्हा गायलेले-वाजवलेले. तिन्हींत मोठा फरक आहे.

• मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे. दोन आवृत्त्यांपैकी जी किंचित मोठी, ती कानाला चांगली वाटते. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. मेटॅलिकाचाच २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ आवाज अति वाढवल्यामुळे फाटल्यासारखा वाजतो, अशी तक्रार हजारो चाहत्यांनी केली होती आणि व्हिडीओ गेममधली प्रत त्यांना अधिक स्वच्छ वाटली होती.

• फोनच्या स्पीकरवर निकाल देऊ नका. एवढासा स्पीकर बासच्या सर्वांत खालच्या पट्टीपर्यंत पोहोचतच नाही. तिथे प्रत्येक अल्बममध्ये बास गायबच असतो. बरे हेडफोन लावा आणि अ‍ॅपमधला ‘बास बूस्ट’ बंद करून मग ऐका.

• पुढचा अल्बम लावून पाहा. १९९१ चा ‘मेटॅलिका’, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला ‘ब्लॅक अल्बम’, बॉब रॉक यांच्या निर्मितीत झाला. वादक तेच चौघे. त्यात बास ठसठशीत ऐकू येतो. ‘जस्टिस’ आणि हा अल्बम पाठोपाठ ऐकले, की न्यूस्टेडच्या वादनात कमतरता नव्हती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे काय?

तंत्रज्ञान आता आणखी पुढे गेले आहे. ज्या ध्वनिमुद्रणांत वाद्ये एकाच ट्रॅकवर मिसळून गेली होती, तीही संगणकाच्या मदतीने वेगळी काढता येतात. २०२२ मध्ये बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चा नवा मिक्स याच मार्गाने झाला, तर २०२३ मध्ये जुन्या कॅसेटमधून जॉन लेनन यांचा आवाज पियानोपासून वेगळा काढून ‘नाऊ अँड देन’ हे गाणे पूर्ण करण्यात आले. उद्या कोणीही घरबसल्या कोणताही अल्बम हवा तसा मिक्स करू शकेल. तेव्हा मूळ काय होते आणि नंतर काय केले गेले, याची स्वच्छ नोंद ठेवणे ही कलाकार, कंपन्या आणि अ‍ॅप या सगळ्यांचीच जबाबदारी ठरेल.

त्यासाठी नियम साधा असावा. मूळ आवृत्ती कायम उपलब्ध राहावी, नव्या आवृत्तीवर नेमके काय केले ते लिहिलेले असावे आणि दबलेले काम बाहेर काढायचे असेल, तर ते मूळ न पुसता शेजारी ठेवावे. मेटॅलिकाने यातली पहिली गोष्ट निष्ठेने केली आहे. टेप त्यांच्या आहेत, कंपनी त्यांची आहे, न्यूस्टेडही हयात आहे. तिसरी गोष्ट करण्यापासून त्यांना अडवणारे दुसरे कोणी नाही.